ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या जोडण्यांची तपासणी

शेतात वाफसा आलेला असावा आणि ट्रॅक्टर सुरू होऊ नये, अशा वेळी दोष बहुधा बॅटरीस दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा बॅटरी चांगली असून तिच्या तारांची जोडणी सैल किंवा मळलेली असते. स्टार्टरला शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. जोडणी सैल असल्यास तेथे उष्णता निर्माण होते व स्टार्टरला पुरेशी वीज मिळत नाही.

12 व्होल्टच्या बॅटरीचा झटका बसत नाही, म्हणून निर्धास्त राहू नये. बॅटरी चार्ज होत असताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. त्यास ठिणगी लागल्यास स्फोट होऊन आतील गंधकाम्ल अंगावर उडते. म्हणून तपासणीपूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढावी. विडी, काडी व कंदील दूर ठेवावा. हातातील अंगठी व कडे काढावे आणि डोळ्यांवर चष्मा लावावा.

तार काढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. ट्रॅक्टरच्या सांगाड्यास जोडलेली, म्हणजे अर्थिंगची तार प्रथम काढावी. बहुतेक ट्रॅक्टरांत ती ऋण टोकाची असते. काही जुन्या ट्रॅक्टरांत मात्र धन टोकाची असते, म्हणून तार कोठे जाते ते प्रत्यक्ष पाहावे. दुसरी तार आधी सोडविताना पाना सांगाड्यास टेकला, तर मोठी ठिणगी उडते. अर्थिंग आधीच काढलेले असल्यास हा धोका राहत नाही. जोडताना अर्थिंगची तार सर्वांत शेवटी जोडावी.

टोकांवर पांढरा किंवा हिरवट थर आढळल्यास बॅटरीची झाकणे घट्ट बसवावी. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्या पाण्याने टोके ब्रशने घासावी. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. नंतर स्वच्छ पाण्याने पुसून टोके कोरडी करावी. पकड हाताने हलणार नाही इतपत आवळावी. ती हातोडीने ठोकू नये. शेवटी वरून व्हॅसलीन लावावे.

तारेचे आवरण पत्र्यास घासून झिजले असल्यास तार बदलावी. बॅटरी तिच्या चौकटीत पक्की बसली आहे, याचीही खात्री करावी.

अम्ल त्वचेवर पडल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास निदान 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पेरणीच्या हंगामापूर्वी गावातील एका ट्रॅक्टरवर हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. अर्थिंग काढताना प्रथम व जोडताना शेवटी, एवढे तरी प्रत्येक चालकाच्या पक्के ध्यानी राहावे.