हौशी छायाचित्रकार आणि परवडणारी आज्ञावली

हैदराबाद शहरातील तारनाका हा भाग सिकंदराबादहून उप्पलकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेला असून उस्मानिया विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार त्याला लागूनच आहे. मराठवाड्यातील वाचकांना हे विद्यापीठ परके नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि १९५८ साली औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत तेथील उच्च शिक्षण उस्मानियाशी निगडित होते. या आवारातील कला महाविद्यालयाची गुलाबी ग्रॅनाइटची इमारत १९३९ साली खुली झाली. तिची उंच कमान पाहणाऱ्याला तिचे छायाचित्र घेण्याचा मोह झाल्यावाचून राहत नाही.

मात्र दुपारच्या उन्हात घेतलेले असे छायाचित्र बहुधा निराशा करते. आकाश पांढरेफटक दिसते, कमानीच्या आतील भाग काळवंडतो आणि दगडाचा गुलाबी रंग फिका पडतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे, गावच्या जत्रेचे किंवा घरातील लग्नाचे छायाचित्र घेणाऱ्या प्रत्येकास हा अनुभव येतो. पूर्वी असे दोष अंधारखोलीत, कागदावर प्रकाश कमीअधिक पाडून सुधारले जात. आता ते काम संगणकावरील आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, करते. बाजारात अशा आज्ञावली अनेक आहेत. त्यांपैकी आपल्या कामास उपयुक्त व खिशाला परवडणारी कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गरज आधी, आज्ञावली नंतर

हौशी छायाचित्रकाराला लागणाऱ्या क्रिया मोजक्याच असतात. तिरके चित्र सरळ करणे, नको असलेली कड कापणे, उजेड व गडदपणा यांचा मेळ घालणे, रंगाची झाक सुधारणे, बारीक डाग पुसणे आणि छपाईसाठी योग्य आकार देणे, एवढ्यांत बहुतेक काम भागते. वरील कमानीच्या छायाचित्रात अंधारलेला भाग उजळणे आणि रंग पूर्ववत करणे या दोनच क्रिया आवश्यक आहेत. आकाश मात्र पूर्ण पांढरे झाले असेल, तर तेथे नोंदच झालेली नसते. कितीही महाग आज्ञावली घेतली तरी ती नोंद परत मिळत नाही. म्हणून चित्र घेतानाच उजेडाचा अंदाज घेणे ही सर्वांत स्वस्त सुधारणा होय.

दुसरा प्रश्न चित्र कोणत्या स्वरूपात साठविले जाते हा आहे. साधारणतः कॅमेरा व भ्रमणध्वनी चित्र जेपेग स्वरूपात देतात. त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ छटा नोंदविता येतात आणि फाईल लहान व्हावी म्हणून काही तपशील वगळला जातो. अशी फाईल बदलून पुन्हा पुन्हा साठविल्यास प्रत्येक वेळी आणखी थोडा तपशील नाहीसा होतो. अनेक कॅमेऱ्यांत ‘रॉ’ म्हणजे कच्ची फाईल ठेवण्याचीही सोय असते. १४ बिटांच्या कच्च्या फाईलमध्ये १६,३८४ पातळ्या नोंदविता येतात. त्यामुळे अंधारलेला भाग उजळताना चित्र फाटल्यासारखे दिसत नाही. फाईल अर्थातच मोठी होते. केवळ जेपेग चित्रे घेणाऱ्याला साधी आज्ञावली पुरेशी आहे. कच्च्या फाईली वापरणाऱ्याने त्या उघडू शकणारी आज्ञावली निवडावी.

किंमत कशी मोजावी

या क्षेत्रात सर्वाधिक नाव फोटोशॉपचे आहे. थॉमस व जॉन नॉल या बंधूंनी तयार केलेल्या या आज्ञावलीची पहिली आवृत्ती अडोबी कंपनीने १९९० साली विक्रीस आणली. पूर्वी ती एकदा विकत घेतली की कायमची वापरता येत असे. २०१३ साली कंपनीने यापुढील आवृत्त्या वर्गणीनेच देण्याचे धोरण जाहीर केले. वर्गणीची रक्कम लहान दिसते. पण तिचा हिशेब वर्षांनी करावा. समजा, वर्गणी दरमहा ५०० रुपये धरली, तर वर्षाला ६,००० आणि दहा वर्षांत ६०,००० रुपये होतात. एवढ्या रकमेत चांगला कॅमेरा येऊ शकतो.

वर्गणी थांबल्यावर काय घडते, हेही विचारून घ्यावे. याच कंपनीच्या लाइटरूम क्लासिक या आज्ञावलीत वर्गणी संपली की चित्रे पाहता येतात व त्यांच्या प्रती काढता येतात. चित्रे सुधारण्याचा विभाग मात्र बंद होतो. मूळ चित्रे आपल्याच संगणकावर राहतात, हे खरे. तरीही जुन्या चित्रावर केलेले काम पुढे नेण्यासाठी पुन्हा पैसे भरावे लागतात. ज्यांचा व्यवसायच छपाईचा वा जाहिरातीचा आहे, त्यांना हा खर्च परवडतो, कारण तो उत्पन्नातून निघतो. वर्षाकाठी शे-दोनशे चित्रे सुधारणाऱ्या शिक्षकाला किंवा शेतकऱ्याला तो करण्याचे कारण नाही.

विनामूल्य उपलब्ध असलेली साधने

भ्रमणध्वनीवर चित्रे घेणाऱ्यांसाठी गुगलची स्नॅपसीड ही आज्ञावली विनामूल्य आहे व वर सांगितलेल्या बहुतेक क्रिया तिच्यात होतात. संगणकासाठी गिम्प ही जुनी व भरवशाची आज्ञावली आहे. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली तिचे काम सुरू केले. पुढे जगभरातील स्वयंसेवकांनी ते चालू ठेवले आणि मार्च २०२५ मध्ये तिची ३.० ही आवृत्ती आली. चित्रावर थर रचून काम करणे, डाग पुसणे व अक्षरे घालणे या गोष्टी गिम्पमध्ये चांगल्या होतात. कच्च्या फाईलींसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी या दोन आज्ञावली आहेत, तर हजारो चित्रे वर्गवारीने लावण्यासाठी डिजिकॅम उपयोगी पडते.

या चारही आज्ञावली मुक्त परवान्याखाली दिल्या जातात. त्या कोणीही वापराव्यात, त्यांची प्रत मित्राला द्यावी, त्यांची रचना अभ्यासावी व बदलावी, अशी मुभा या परवान्यात असते. शाळेच्या संगणक कक्षातील सर्व यंत्रांवर त्या एक पैसाही न देता बसविता येतात. मुक्त आज्ञावलींचा प्रसार करणाऱ्या संस्थाही देशात आहेत. हैदराबादची ‘स्वेच्छा’ ही त्यांपैकी एक होय.

विनामूल्य आणि मुक्त या दोन शब्दांत मात्र भेद आहे. अफिनिटी ही पूर्वी एकरकमी किमतीला मिळणारी आज्ञावली कॅन्वा कंपनीने २०२४ साली घेतली व ऑक्टोबर २०२५ पासून ती विनामूल्य केली. ती वापरण्यासाठी कंपनीकडे खाते उघडावे लागते आणि काही सोयींना पैसे पडतात. आज्ञावली उत्तम आहे. परंतु तिचे पुढील धोरण कंपनीच्या हाती आहे. गुगलची पिकासा ही लोकप्रिय आज्ञावलीही विनामूल्यच होती आणि २०१६ साली कंपनीने तिचे काम थांबविले. मुक्त आज्ञावलीच्या बाबतीत एकाने काम सोडले तरी दुसऱ्याला ते उचलता येते, कारण तिची रचना सर्वांसाठी खुली असते.

पारखण्याची रीत

कोणतीही आज्ञावली घेण्यापूर्वी पुढील रीतीने तिची परीक्षा करावी. आपल्याच संग्रहातील तीन चित्रे निवडावीत: एक उन्हातले, एक घरातील मंद उजेडातले व एक माणसाच्या चेहऱ्याचे. दोन आज्ञावली संगणकावर बसवून त्याच तीन चित्रांवर त्याच क्रिया कराव्यात. संगणक अडखळतो काय, मागे परतून चूक दुरुस्त करता येते काय, आणि काम झाल्यावर चित्र जेपेग किंवा टिफ अशा सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येते काय, हे पाहावे. जुन्या संगणकावर डार्कटेबलसारखी आज्ञावली संथ चालते. अशा वेळी गिम्प अधिक सोयीची ठरते. एक पंधरवडा असा सराव केल्यावर कोणती आज्ञावली हाताला बसते, ते आपोआप कळते. आज्ञावली नेहमी तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी.

महाग आज्ञावलीची कुलूप तोडलेली प्रत कोठूनतरी मिळविण्याचा मार्ग अनेकजण पत्करतात. तो टाळला पाहिजे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ब नुसार संगणकाच्या आज्ञावलीची अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. शिवाय अशा प्रतींबरोबर संगणकास अपाय करणारे विषाणू येण्याचा धोका असतो आणि ज्या संगणकात घरादाराची चित्रे आहेत, तोच त्यांच्या तावडीत सापडतो.

मूळ चित्राचे जतन

आज्ञावली कोणतीही निवडली तरी एक नियम सर्वांना लागू आहे. मूळ चित्रास कधीही हात लावू नये. सुधारणा नेहमी त्याच्या प्रतीवर करावी. डार्कटेबल व रॉथेरपी यांच्यात हा नियम रचनेतच अंतर्भूत आहे. तेथे केलेल्या सुधारणा वेगळ्या लहान फाईलमध्ये नोंदविल्या जातात आणि मूळ फाईल जशीच्या तशी राहते. मूळ चित्रांच्या किमान दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

नुकसानीचा पंचनामा, रस्त्याच्या कामाची पाहणी किंवा पिकाची स्थिती यांची छायाचित्रे कार्यालयास द्यावयाची असल्यास याहून अधिक दक्षता हवी. अशा चित्रातील वस्तू पुसणे, जोडणे किंवा रंग बदलणे सर्वथा गैर आहे. चित्राच्या फाईलमध्ये दिनांक, वेळ व काही वेळा स्थळ यांचीही नोंद असते. सुधारित प्रत काढताना ही नोंद गळू शकते. म्हणून मूळ फाईलच सादर करावी. एखाद्या शेतकऱ्याची भरपाई त्या नोंदीवर अवलंबून असू शकते.

मूळ जपण्याचे महत्त्व तारनाक्याच्या शेजारच्या सिकंदराबादने पूर्वीच दाखवून दिले आहे. लाला दीनदयाळ हे इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी हौस म्हणून छायाचित्रण सुरू केले आणि त्यांना इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांचा आश्रय लाभला. पुढे ते सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले व सिकंदराबाद येथे त्यांनी आपली चित्रशाळा थाटली. १९०५ साली त्यांचे निधन झाले. पण त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह जपल्या गेल्या. त्यांपैकी अडीच हजारांहून अधिक आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. ज्या साधनांनी त्या काळी छपाई झाली, ती साधने कालबाह्य झाली. परंतु मूळ काच शाबूत असल्यामुळे त्या चित्रांच्या नव्या प्रती आजही काढता येतात.

आजच्या हौशी छायाचित्रकाराची फाईल हीच त्याची काच आहे. आज्ञावली बदलतील, कंपन्या विकल्या जातील, संगणकही जुने होतील. जिच्यामुळे मूळ चित्र सुरक्षित राहते, जी सोडून दिली तरी चित्रे आपल्या हाती उरतात आणि जिच्यासाठी घरखर्चाला कात्री लावावी लागत नाही, तीच आज्ञावली खऱ्या अर्थाने परवडणारी समजावी.