कोथिंबीर टिकवू या

रमजानचे दिवस होते. भाव उतरला म्हणून अम्मीने कोथिंबिरीच्या पाच जुड्या आणल्या. उर्दूत ज्याला आपण हरा धनिया म्हणतो, तीच ही कोथिंबीर. दोन जुड्या संपल्या. तीन जुड्या पिशवीत तशाच राहिल्या. चार दिवसांनी पाहतो तो काय, पाने काळी पडून चिकट झाली होती!

अम्मी हळहळली. ती म्हणाली, “बेटा, पैसे तर गेलेच, पण शेतकऱ्याची मेहनतही वाया गेली.”

मला वाईट वाटले. वर्गात मी विज्ञान शिकवतो. मग घरी त्याचा उपयोग का करू नये?

मुलांनो, तोडलेल्या पानांतही श्वसन चालू असते. ओलाव्यात जंतू वाढतात व पाने कुजतात. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात जंतूंची वाढ थांबते. पण ते सगळे मरत नाहीत. म्हणून भाजी आधी स्वच्छ धुवावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही ताजी कोथिंबीर आणली. ती निवडली, धुतली, निथळली आणि बारीक चिरली. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून वर थोडे पाणी घातले. वड्या गोठल्यावर त्या पिशवीत भरल्या, हवा काढून तोंड घट्ट बांधले व वर तारीख लिहिली. पुदिना मात्र वाटून गोठवला.

धाकट्या बहिणीने एक वडी वितळवून पुलावावर सजावटीला घातली. पाने अगदी मलूल दिसली! गोठताना पानांतील पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात, म्हणून असे होते. अशी कोथिंबीर सजावटीला नव्हे, तर सालन, डाळ व चटणीला वापरावी. वीज जाऊन वड्या वितळल्या, तर त्या पुन्हा गोठवू नयेत.

ईदच्या दिवशी बाजारात कोथिंबीर महाग होती. अम्मीने हसत दोन वड्या खिम्यात टाकल्या. घरभर सुगंध दरवळला. त्या वेळी एकही पान वाया गेले नव्हते.

शब्दार्थ
जुडी – गड्डी
हळहळणे – अफसोस करणे
मलूल – कोमेजलेले

स्वाध्याय
१. अम्मी का हळहळली?
२. गोठवण्यापूर्वी कोथिंबीर का धुवावी?
३. वितळलेली पाने मलूल का दिसतात?
४. तुमच्या घरी कोणते अन्न वाया जाते? ते टाळण्यासाठी काय कराल? पाच वाक्ये लिहा.