औषधाला दाद न देणारे जंतू

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लंडनमध्ये लावला. त्यासाठी १९४५ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाचे उदाहरण दिले. त्याचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून अपुऱ्या मात्रेत घेतो. औषधाला न जुमानणारे जंतू त्यामुळे शिल्लक राहतात. त्यांचा संसर्ग होऊन पत्नीला न्यूमोनिया होतो आणि तिच्यावर पेनिसिलिनचा उपचार निष्फळ ठरतो. चूक पतीची; प्राण मात्र पत्नीचे जातात.

हा धोका आज खरा ठरला आहे. एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार, २०१९ साली प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली.

'शरीराला औषधाची सवय झाली' असे लोक म्हणतात. वस्तुतः बदल शरीरात नव्हे, तर जिवाणूंमध्ये होतो. औषधाने दुर्बल जिवाणू मरतात. तग धरणाऱ्यांना मोकळे रान मिळते व त्यांची संख्या वाढते. हा गुण ते अन्य जातींच्या जिवाणूंनाही देऊ शकतात.

रुग्णालयात अशक्त रुग्ण जवळजवळ असतात आणि प्रतिजैविकांचा वापरही अधिक असतो. तेथे हे जंतू हातांवरून आणि उपकरणांवरून पसरतात. १८४७ साली व्हिएन्ना येथे इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आजही डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णाला भेटायला येणारे नातेवाईक या सर्वांनी हात स्वच्छ ठेवणे, हाच संसर्ग रोखण्याचा प्रमुख उपाय आहे.

घरीही काही पथ्ये पाळावीत. सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. औषधाच्या वेष्टनावर लाल उभी रेघ असल्यास ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. भारत सरकारने २०१६ साली याविषयी जनजागृती मोहीम सुरू केली. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा सांगितलेले दिवस घ्यावी. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊ नयेत.

प्रतिजैविक ही सर्वांची सामाईक ठेव आहे. एकाने ती उधळली, तर गरजेच्या वेळी दुसऱ्याचे हात रिकामे राहतात.

स्वाध्याय
१. फ्लेमिंग यांच्या उदाहरणातील गृहस्थाची चूक कोणती?
२. 'शरीराला औषधाची सवय झाली' हे म्हणणे चुकीचे का आहे?
३. 'मोकळे रान मिळणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.