नाताळचे दिवस हातचे जाऊ देऊ नका

बाळांनो, तुम्ही कुणी नागपूरला, कुणी पुण्याला. 24 च्या रात्रीची मिस्सा तुम्ही चुकवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण 26 तारखेपासून शुभवर्तमान कपाटात जातं ते थेट उपवासकाळात बाहेर येतं. चर्चच्या दिनदर्शिकेत नाताळचा काळ 25 डिसेंबरपासून प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे साधारण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो आणि त्यातल्या प्रत्येक दिवसाला एक उतारा नेमलेला असतो. आंधळगावाहून रोज मिस्सेला जाणं मला झेपत नाही, पण तो उतारा घरी वाचायला कोण अडवतं? माझ्या आईनं मला सांगितलं आणि मी आयुष्यभर पाळत आले, ते आता तुमच्या कानावर घालते.

आदल्या रात्री उतारा काढून ठेवा. सकाळी पानं चाळत बसलात की वाचन राहून जातं. 26 डिसेंबरला मत्तय 10, 27 ला योहान 20, 28 ला मत्तय 2, 29 आणि 30 ला लूक 2, 31 ला योहान 1, आणि 1 जानेवारीला पुन्हा लूक 2. मधला रविवार पवित्र कुटुंबाचा, त्याचा उतारा वेगळा. तीन राजांचा सण कोणत्या रविवारी येतो त्यावर जानेवारीतले पुढचे उतारे मागेपुढे सरकतात. म्हणून चर्चमध्ये मिळणारी दिनदर्शिका आणा आणि रोज नजर पडेल अशा भिंतीला लावा.

मराठीत वाचा, आणि मोठ्यानं वाचा. मुलं इंग्रजी शाळेत जात असली तरी घरातलं हे वाचन मराठीतच होऊ द्या. हे शब्द आपल्या भाषेत यावेत म्हणून माणसांनी आयुष्यं वेचली आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं, तेही ओव्यांत, लोकांना म्हणता-ऐकता यावं म्हणून. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं. 1922 मध्ये डोळे मिटेपर्यंत त्यांचं हे काम चालू होतं, आणि छापखान्यात खपल्या त्या मुक्तीतल्याच बाया. मोठ्यानं वाचलं की घाई होत नाही, आणि स्वयंपाकघरात हात गुंतलेल्या माणसालाही ऐकू जातं.

पेन्सिल हाताशी ठेवा. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं चालले होते, म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्यातूनच जाणाऱ्या वाटेनं. डब्यातल्या एका युरोपीय सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. पुढे ते पेन्सिलीनं खुणा करत पहिल्या पानापासून वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले तसे तिथंच खिळले. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुम्हीही उतारा दोनदा वाचा. दुसऱ्यांदा जी ओळ अडवेल तिच्याखाली रेघ मारा आणि बाजूला साल लिहा. एवढ्यावर त्या दिवशीचं वाचन थांबवा. माझ्या आईच्या पुस्तकात लूकचा दुसरा अध्याय अशा रेघांनी भरून गेला आहे. लग्नाच्या साली तिनं मेंढपाळांच्या आनंदाखाली रेघ मारली, आणि बाबा गेले त्या साली शिमोनानं मरियेला सांगितलेल्या तलवारीच्या शब्दाखाली. उतारा तोच येतो, पण दर वर्षी वेगळ्या जागी बोट ठेवतो.

उताऱ्यातली वस्तू डोळ्यांनी बघा. बाळाला गव्हाणीत निजवलं, असं लूक सांगतो. चर्चमधल्या देखाव्यातली गव्हाण रंगवलेली, स्वच्छ. इकडे आलात की शेजारच्या गुरांच्या कोठ्यात जाऊन खरी गव्हाण बघा. जनावरांच्या जिभेनं आणि मानेनं काठ गुळगुळीत झालेला, तळाशी ओलसर तणीस आणि थोडं कुटार, लाळेचा आणि शेणाचा वास. नुकत्याच बाळंत झालेल्या आईला तिथं आपलं लेकरू ठेवावं लागलं. हे बघून आलात की उताऱ्यावर दुसऱ्या कुणी प्रवचन देण्याची गरज उरत नाही.

अवघड दिवस वगळू नका. ख्रिस्तजन्माच्या दुसऱ्याच दिवशी दगडांनी ठार मारलेल्या स्तेफनाची आठवण येते, आणि 28 ला हेरोदानं मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांची. सणासुदीत हे कशाला, असं म्हणून पुष्कळ जण पान उलटतात. पण देव ज्या जगात आला ते जग असंच होतं आणि आजही असंच आहे. 28 च्या उताऱ्यात योसेफ रात्रीच उठून आई-लेकरांना घेऊन मिसर देशाकडे निघतो. आपल्याकडेही धान चुरून झालं की कितीतरी कुटुंबं लेकराबाळांसकट परमुलखात कामाला जातात. त्या दिवशी अशा एका कुटुंबासाठी नाव घेऊन प्रार्थना करा आणि मागं राहिलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन या.

29 आणि 30 हे दिवस घरातल्या वडीलधाऱ्यांचे. शिमोन आयुष्यभर वाट बघून बाळाला हातात घेतो. हन्ना 84 वर्षांची विधवा, मंदिर न सोडणारी, भेटेल त्याला या बाळाविषयी सांगते. पोरींनो, या दोन दिवशी वाचन सासू-सासऱ्यांकडून करून घ्या. नजर साथ देत नसेल तर तुम्ही वाचा, पण त्यावर पहिले शब्द त्यांना बोलू द्या.

वाचलेलं संध्याकाळपर्यंत हातून उतरलं पाहिजे. 2 जानेवारीच्या उताऱ्यात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, तू कोण? आपण ख्रिस्त नाही, हे तो आडपडदा न ठेवता सांगतो. त्या दिवशी दुसऱ्याच्या कामाचं श्रेय चारचौघांत त्याला द्या. तीन राजांच्या सणानंतर पाच भाकरी आणि दोन माशांचा उतारा येतो. त्या दिवशी ताटात आणखी एकाचं वाढा. काम लहान असावं आणि त्याच दिवशी व्हावं.

एखादा दिवस चुकला तर मागचं भरत बसू नका. आपल्या आंधळगावातला विणकर ताण्यातला धागा तुटला की गाठ मारतो आणि धोटा पुढे चालवतो, सगळा ताणा उसवत नाही. तसंच, ज्या तारखेला आठवेल त्या तारखेचा उतारा घ्या आणि पुढे चला.

समजलं नाही म्हणून पुस्तक मिटू नका. 1 जानेवारीच्या उताऱ्यात मेंढपाळांचं बोलणं ऐकून सगळे नवल करतात, मरिया मात्र ते मनात साठवून त्यावर विचार करत राहते. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो तेव्हा त्याचं बोलणं आईबापांना उमगलं नाही, असं लूक स्पष्ट सांगतो, आणि लगेच सांगतो की त्याच्या आईनं तेही मनात जपून ठेवलं. प्रत्यक्ष त्याच्या आईला जे लगेच उमगलं नाही, ते आपल्याला एका सकाळीत उमगावं हा हट्ट कशाला? न कळलेली ओळ मनात घोळत राहू द्या, पोरांपुढे मोकळेपणानं बोलून दाखवा. त्यांचे प्रश्न ऐका. घरात शुभवर्तमानावर बोलणं सुरू झालं की श्रद्धा पुढच्या पिढीत आपोआप उतरते.