आऊटबोर्ड चालता चालता बंद पडतं? मेकॅनिककडे नेण्याआधी हे बघा



होडी जेटीवरून नीट सुटते, पाच-दहा मिनिटं इंजिन मस्त चालतं आणि मग गप्प. दोरी ओढली की चालू, थोड्या वेळाने परत बंद. खाडीत हा नुसता वैताग. पण मांडवीच्या किंवा शापोराच्या तोंडाशी, रेतीवर लाट फुटते तिथे इंजिन गेलं तर होडी लाटेला आडवी होते आणि उलटायला वेळ लागत नाही. म्हणून असं इंजिन घेऊन बार ओलांडायचाच नाही. आतल्या शांत पाण्यात नांगर टाका आणि तपासा.

पहिली गोष्ट, ते बंद कसं पडतं ते ऐका. धापा टाकत, आवाज खाली जात मेलं तर बहुतेक पेट्रोल कमी पडतंय. बटण दाबल्यासारखं एकदम गेलं तर स्पार्ककडे बघा, आणि त्याआधी स्टॉप बटणाची क्लिप सैल नाही ना ते बघा.

पेट्रोलची बाजू टाकीच्या झाकणापासून सुरू करा. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला की पेट्रोल बाहेर जातं पण आत हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. नळीवरचा रबरी बल्ब चपटा झालेला दिसेल. झाकण सैल केल्यावर ‘फुस्स’ झालं की समजा चोर सापडला! हे इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही.

स्क्रू उघडा असेल तर इंजिन धापा टाकायला लागताच बल्ब हाताने दाबत राहा. दाबल्यावर इंजिन सावरलं, तर फ्युएल पंपाचा पडदा फाटलाय किंवा नळीच्या जोडातून हवा शिरतेय. जोडातली रबरी रिंग आधी बदला, ती स्वस्त आहे. बल्बवरचा बाण इंजिनकडेच हवा.

दाबूनही फरक नाही? मग कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू काढून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसेल. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. १ जून ते ३१ जुलै बंदीत टाकीत राहिलेलं पेट्रोल म्हणूनच आम्हाला नको वाटतं. असं पेट्रोल सगळंच काढून टाका, वरचं तेवढं वापरू नका.

थ्रॉटल दिल्यावर चालतं आणि हळू केलं की मरतं, तर स्लो जेट तुंबलाय. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरे.

गरम झाल्यावर बंद, अर्ध्या तासाने परत चालू, ही कॉइलची खूण. बंद पडल्याक्षणीच स्पार्क बघायला हवा, थंड झाल्यावर सगळं ठीकच दिसतं. प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरा, पण प्लगच्या भोकापासून लांब, आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नसावं.

मागची पाण्याची धार बारीक झाली किंवा थांबली असेल तर मात्र परत दोरी ओढू नका. खालच्या जाळीत प्लास्टिक अडकलंय का बघा. जाळी मोकळी असूनही धार नाही, तर इम्पेलर गेला. तसंच चालवलं तर पिस्टन धरतो, आणि मग खर्च वेगळाच.

केरोसीनवर चालवणाऱ्यांनी बंद करण्याआधी थोडा वेळ पेट्रोलवर चालवावं, नाहीतर पुढच्या वेळी थंड इंजिन धरत नाही.

होडीत वल्हं, नांगर, जादा प्लग, प्लगचा पाना आणि जोडाची एक जादा रिंग डब्यात कोरडी ठेवा.