दूध-तूप वर्ज्य केलेल्यांसाठी काही पाककृती

मांस, मासे, अंडी यांच्याबरोबर दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा आणि मधसुद्धा वर्ज्य करणाऱ्या आहाराला ‘व्हीगन’ आहार म्हणतात. काही वर्षांपूर्वी हा शब्द मोठ्या शहरांतच ऐकू येई. आता पुण्या-मुंबईला शिकायला गेलेला मुलगा सुट्टीत घरी येतो, ताटाजवळची ताकाची वाटी बाजूला सारतो, आणि याला आता काय करून घालावे हे आईला सुचेनासे होते. दुसरा वर्ग दूध न पचणाऱ्यांचा. दुधातील साखर पचविणारे पाचक द्रव्य लहानपणानंतर अनेकांच्या आतड्यात कमी होत जाते. जगातील साधारण दोन तृतीयांश प्रौढांची हीच स्थिती आहे. त्यांना दूध प्यायल्यावर पोट फुगणे, मुरडा, जुलाब असा त्रास होतो. (यांपैकी पुष्कळांना दही-ताक मात्र सोसते, त्यांनी ते उगाच सोडू नये.) दोन्ही प्रकारच्या घरांतून माझ्याकडे विचारणा होते ती एकच : मग करायचे काय? दूध सोडावे की सोडू नये हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मी येथे फक्त सोडलेल्यांच्या ताटाचा विचार करणार आहे.

‘व्हीगन’ हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या मंडळींनी प्रचारात आणला. दूध सोडण्याची कल्पना मात्र आपल्याला त्याआधीपासून परिचित आहे. गांधीजींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. 1918 मध्ये ते गंभीर आजारी पडले, आणि पुढच्या वर्षी मुंबईत डॉक्टरांच्या आग्रहामुळे व कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध घेण्यास सुरुवात केली. व्रत गाय-म्हशीच्या दुधाचे होते, एवढीच त्यातून वाट निघाली. दूध सोडणाऱ्याला कोणत्या गोष्टीची उणीव पडते हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. ते पुढे येईलच.

परदेशी व्हीगन पाकपुस्तके मी चाळली आहेत. त्यांत सोयाबीनचे पनीर, बदामाचे दूध, काजूची साय असे पदार्थ फार. आपल्याकडे बदामाच्या दुधाचा एक पुडा घ्यायचा म्हणजे दोन दिवसांच्या भाजीचा खर्च. त्याची काही गरज नाही. झुणका, आमट्या, उसळी, भरली वांगी, थालीपीठ, ठेचा हे सर्व मुळात दुधाविनाच होते. अडते ते दही-ताकाच्या, चहाच्या आणि गोडाच्या ठिकाणी. म्हणून प्रथम दही.

दाण्याचे दही : एक वाटी कच्चे शेंगदाणे निवडून घ्यावेत. निवडण्यात आळस करू नये. काळपट, सुरकुतलेले, खवट किंवा बुरशीचा वास येणारे दाणे टाकूनच द्यावेत, कारण त्या बुरशीचे विष यकृताला अपायकारक असते व उकळल्याने ते जात नाही. दाणे रात्रभर भिजवून सकाळी चोळून साले काढावीत. तीन वाट्या पाणी घालून मिक्सरमध्ये अगदी मऊ वाटावे व स्वच्छ पंचातून पिळून गाळावे. हे झाले दाण्याचे दूध. ते मंद आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटे उकळावे. खऱ्या दुधासारखेच ते उतू जाते, तेव्हा गॅसजवळून हलू नये. करंगळीला सोसेल इतके कोमट झाले की विरजण घालायचे. साधे दही तर चालणार नाही, म्हणून हिरव्या मिरच्यांचे दहा-बारा देठ टोपीसकट काढून, धुऊन, पुसून त्या दुधात बुडवून ठेवावेत. देठांवर दही लावणारे सूक्ष्म जंतू असतात. भांडे झाकून उबेच्या जागी आठ-दहा तास ठेवावे. पहिले दही पातळ लागते आणि त्याला थोडा उग्र वास येतो. पुष्कळ जण येथेच नाद सोडतात. तसे न करता देठ काढून त्याच दह्याचे दोन चमचे विरजण दुसऱ्या दिवशीच्या दाण्याच्या दुधाला लावावे. हे दुसरे दही घट्ट व सौम्य लागते. काकडीची कोशिंबीर, दहीभात यांना ते छान चालते. कढी करायची तर एक चमचा बेसन लावावे आणि खळखळून उकळू नये, फुटते. गाळून उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात घालावा.

एक गोष्ट येथेच सांगतो. या दह्यात प्रथिने चांगली आहेत, पण कॅल्शियम जेमतेम. गायीच्या दुधाच्या पेल्यात (200 मि.ली.) सुमारे 240 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढे यातून मिळेल अशी समजूत करून घेऊ नये. सोलकढीचेही तेच. खोबऱ्याचे दूध, आमसुलाचा अर्क, लसूण, मिरची व मीठ अशी सोलकढी जेवणावर सुरेख लागते. परंतु ती दुधाची जागा घेत नाही, आणि खोबऱ्यातील स्निग्धांश पाहता हृदयविकाराच्या रुग्णांनी ती रोज घेऊ नये.

मग कॅल्शियम कोठून आणायचे? त्यासाठी माझ्या विशेष आवडीचा पदार्थ म्हणजे कुळथाचे पिठले. घाटावर याला गरिबाचे खाणे म्हणून नाक मुरडतात, पण 100 ग्रॅम कुळथात सुमारे 270 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. इतर बहुतेक कडधान्ये त्याच्या जवळपासही येत नाहीत.

चार मोठे चमचे (सुमारे 40 ग्रॅम) कुळथाचे पीठ एक वाटी थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवून ठेवावे. कढईत दोन चमचे तेलाची मोहरी, हिंग, हळद घालून फोडणी करावी. तीत ठेचलेल्या सहा-सात लसणाच्या पाकळ्या लालसर होऊ द्याव्यात, दोन हिरव्या मिरच्या टाकाव्यात. दोन वाट्या पाणी, मीठ व तीन-चार आमसुले घालावीत. पाण्याला उकळी आली की कालवलेले पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळावे. कच्चा वास जाऊन चकाकी येईपर्यंत मंद आचेवर शिजू द्यावे. वरून ओले खोबरे, कोथिंबीर. गरम भात किंवा नाचणीची भाकरी यांच्याबरोबर वाढावे. निवल्यावर ते घट्ट होते, म्हणून उतरवताना थोडे सैलच ठेवावे.

तिळाची चटणी सर्वांना येते, तेव्हा कृती देत नाही. एवढेच पाहावे की तीळ न पॉलिश केलेले असावेत आणि भाजून नीट कुटलेले असावेत. अख्खे तीळ बरेचसे न पचताच बाहेर पडतात. 100 ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. सालीतील काही द्रव्यांमुळे ते सगळे अंगी लागत नाही हे खरे, तरी दोन चमचे चटणी रोजच्या ताटात असावी.

नाचणीचे आंबील ताकाशिवाय कसे करावे, असे विचारले जाते. चार चमचे नाचणीचे पीठ दोन वाट्या पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. उन्हाळ्यात सकाळपर्यंत ते आपोआप आंबूस होते. थंडीत तेवढे आंबत नाही, तेव्हा शिजल्यावर आमसुलाचे पाणी घालावे. सकाळी आणखी दोन वाट्या पाणी घालून, ढवळत शिजवून, मीठ, ठेचलेला लसूण व जिरेपूड टाकावी. आंबवल्याने किंवा नाचणीला मोड आणल्याने तिच्यातील चुना व लोह शरीराला जास्त मिळतात, म्हणून हा आयता फायदा आहे.

गोडाचे कोकणातल्या लोकांना सांगायला नको. तांदळाचे शिरवाळे आणि गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस यांत दुधाचा थेंब नसतो. पुरणपोळीवर तुपाऐवजी हाच रस घेऊन पाहावा. मधुमेहींनी गूळ म्हणजे साखरच समजावी. चहाला दाण्याचे दूध चांगले लागत नाही, हे मी स्पष्टच सांगतो. कोरा चहा लिंबू पिळून घ्यावा.

आता जरा हिशेब करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. 60 ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी सुमारे 200 देते, वरील पिठले 100, दोन मोठे चमचे तिळाची चटणी 200 किंवा थोडे अधिक. शेवग्याचा कोवळा पाला 100 ग्रॅम घेऊन मूगडाळीबरोबर लसणीची भाजी केली तर त्यातून 300. बेरीज आठशेच्या घरात जाते. उरलेले इतर भाज्या-डाळींतून निघते, पण रोज हे सर्व ताटात पडले तरच. पालकावर भिस्त ठेवू नये. त्यात कॅल्शियम दिसायला भरपूर, परंतु ऑक्झॅलेटमुळे त्यातले फारच थोडे शोषले जाते.

इथपर्यंत स्वयंपाकघराचे काम झाले. व्हीगन आहारातील एक उणीव मात्र कोणत्याही पाककृतीने भरून निघत नाही. ती म्हणजे ब-12 जीवनसत्त्व. ते फक्त सूक्ष्म जंतू तयार करतात आणि आपल्याला ते मांस, मासे, अंडी व दूध यांतूनच मिळते. 1948 साली ते प्रथम वेगळे काढण्यात आले, म्हणजे गांधीजींच्या आजारपणानंतर तीस वर्षांनी.

गेल्या काही वर्षांतील एक रुग्ण सांगतो. निवृत्त शिक्षिका, वय साठीच्या आत. चार वर्षांपूर्वी त्यांनी दूधदुभते सोडले होते. आहार उत्तम, रोज फिरणे, वजन प्रमाणात. “डॉक्टर, अनवाणी चालले तरी पायात मोजे घातल्यासारखे वाटते हो,” अशी त्यांची तक्रार. जीभ लाल, गुळगुळीत झालेली, अंधारात तोल जात होता. त्या हे सगळे वयावर ढकलीत होत्या. रक्तात ब-12 फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू केल्यावर जीभ दोन-तीन आठवड्यांत सुधारली, तोलही सावरला. पायाच्या बोटांतील बधिरपणा मात्र आजही पूर्ण गेलेला नाही. मज्जातंतूंना फार दिवस उपासमार झाली की सगळे भरून येतेच असे नाही. यकृतात ब-12 चा साठा दोन-चार वर्षे पुरेल इतका असतो. त्यामुळे दूध सोडल्यावर पहिली दोन वर्षे माणूस ठणठणीत असतो, आणि मला काही झाले नाही असे सर्वांना सांगत सुटतो!

आपल्या भागात हा प्रश्न अधिकच जपण्याचा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-12 कमी आढळले. या स्त्रिया काही व्हीगन नव्हत्या. म्हणजे आपली शिल्लक मुळातच तोकडी आहे, आणि त्यात दूधही गेले तर ती लवकर संपणार.

आंबवलेले पदार्थ, न धुतलेल्या भाज्या, स्पिरुलिना यांतून ब-12 मिळते असे छापून येते. त्यावर विसंबू नये. स्पिरुलिनामध्ये असते ते बहुतांशी ब-12 सारखे दिसणारे, पण शरीराला निरुपयोगी द्रव्य. फॉलिक अॅसिडची नुसती गोळी घेत राहिल्यास रक्तक्षय झाकला जातो व मज्जातंतूंचे नुकसान आतल्या आत चालू राहते, हेही ध्यानात ठेवावे.

उपाय अगदी सोपा आहे. व्हीगन प्रौढाने रोज किमान 10 मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा 2000 मायक्रोग्रॅम ब-12 ची गोळी जन्मभर घ्यावी. दूध सोडून वर्ष उलटले असेल तर आधी रक्त तपासून घ्यावे, कारण कमतरता आधीच झाली असल्यास एवढ्याने भागत नाही. मुंग्या, बधिरपणा, विसराळूपणा, जीभ सोलवटणे यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवण्यास उशीर करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी यात मुळीच हयगय करू नये. आईत ब-12 नसेल तर ते दुधातून बाळाला मिळत नाही, व बाळाची वाढ आणि मेंदू दोन्ही मागे पडतात. एक वर्षाच्या आतील मुलाला दाण्याचे किंवा खोबऱ्याचे दूध आईच्या दुधाऐवजी कधीही देऊ नये. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तीळ व पालेभाज्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

गोळ्या घेताना एक अडचण हटकून येते. औषधातले ब-12 जंतूंपासूनच तयार करतात, त्यामुळे व्हीगन मंडळींनी ते घेण्यास हरकत नाही. कॅप्सूलचे वेष्टन मात्र पुष्कळदा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचे असते. म्हणून दुकानात कॅप्सूल न मागता साधी गोळी मागावी. विकतचे सोयाबीनचे दूध घेत असाल तर त्यात कॅल्शियम व ब-12 घातले आहे का हे पुड्यावर वाचावे, आणि ओतण्यापूर्वी पुडा चांगला हलवावा, कारण घातलेले कॅल्शियम तळाशी बसते.