छतावरच्या एअर टॅक्सीसाठी ऑफिसचा भाव वाढवून देताय?

ऑफिससाठी गाळा बघायला गेलात आणि टॉवरच्या चित्रात छतावर उडती टॅक्सी उतरताना दिसली, तर पहिला प्रश्न हाच विचारा : या छताचे पैसे माझ्या चौरस फुटात किती धरलेत? काहीच धरले नसतील तर प्रश्न मिटला. भाव वाढवून मागत असतील, तर खालचा हिशेब मांडल्याशिवाय टोकन देऊ नका.

विजेवर चालणाऱ्या, जागच्या जागी वर उडणाऱ्या या टॅक्सींची प्रवासी सेवा भारतात अजून सुरू झालेली नाही. त्या जिथे उतरतील त्या व्हर्टिपोर्टसाठी विमान वाहतूक नियामक डीजीसीएने सप्टेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे नियम आले, फेऱ्या यायच्या आहेत. 2019 मध्ये मुंबईहून पुणे आणि शिर्डीसाठी सीटनुसार तिकीट देणारी हेलिकॉप्टर सेवा सुरू झाली, तीही जुहू आणि महालक्ष्मीच्या जमिनीवरच्या तळांवरून. आणीबाणीत सुटकेसाठी ठेवलेलं छतावरचं हेलिपॅड वेगळं आणि तिथून तिकीट काढून रोज माणसं नेण्याची परवानगी वेगळी. विक्री प्रतिनिधी या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात, तिथे सावध व्हा. मुंबईतल्या बीकेसीसारख्या विमानतळाजवळच्या भागात तर इमारतीची उंचीसुद्धा विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत दाखल्यावर ठरते.

भाड्याचा अंदाज बांधायला एक आकडा हाताशी आहे. अमेरिकेतली आर्चर कंपनी आणि इंडिगोच्या मागे असलेला इंटरग्लोब समूह यांनी 2023 मध्ये दिल्लीच्या कॅनॉट प्लेसहून गुरुग्रामपर्यंतची योजना जाहीर केली : सुमारे 27 किलोमीटर, 7 मिनिटं, एका वेळी चार प्रवासी. भाडं 2,000 ते 3,000 रुपये असेल असं पुढे सांगितलं गेलं. मधला 2,500 चा आकडा धरा. महिन्याचे 22 दिवस जाऊन-येऊन प्रवास केला, तर एका माणसाचे 1,10,000 रुपये होतात. हे फक्त तिकीट झालं; घरापासून तळापर्यंतची रिक्षा-टॅक्सी वेगळी.

खरा खर्च मात्र इमारतीच्या पोटात असतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने 2022 च्या सूचनांमध्ये 50 फुटांचं नमुना विमान धरलं होतं. चाकं टेकण्याची जागा विमानाइतकी, भोवतीचं उतरण-उड्डाणाचं क्षेत्र दुप्पट आणि सुरक्षा क्षेत्र धरून तिप्पट. म्हणजे एकाच विमानासाठी 150 फूट बाय 150 फूट, 22,500 चौरस फूट मोकळी जागा. एरवी छतावर एसीचे कूलिंग टॉवर, लिफ्टची मशीन रूम, पाण्याच्या टाक्या आणि सोलर पॅनेल असतात. ते सगळं खालच्या सर्व्हिस फ्लोअरवर न्यावं लागतं आणि त्या मजल्याची किंमत विकाऊ मजल्यांवरच पडते. शिवाय सुमारे तीन टनांचं विमान पेलणारा स्लॅब, बॅटरीला आग लागली तर ती विझवायची व्यवस्था आणि चार्जिंगची वीज. एका फेरीत 60 युनिट खर्च झाले आणि ते दहा मिनिटांत भरायचे म्हटले, तर 360 किलोवॉटचा भार लागतो. एवढा भार मंजूर करून घेतला की टॅक्सी येवो न येवो, दरमहा मागणी आकार भरावाच लागतो.

हे पैसे तुमच्यापर्यंत सीएएमच्या, म्हणजे मेंटेनन्सच्या बिलातून येतात. समजा, छताचा वर्षाचा खर्च दोन कोटी आणि टॉवर पाच लाख चौरस फुटांचा. चौरस फुटाला वर्षाला 40 रुपये पडतात. हजार चौरस फुटांच्या गाळ्याला महिन्याला 3,333, वर 18 टक्के जीएसटी. आकारणी कार्पेटवर की सामायिक जागा धरून मोजलेल्या चार्जेबल एरियावर, हेही विचारा, कारण विक्री कार्पेटवर आणि मेंटेनन्स चार्जेबलवर असं सर्रास चालतं.

आणि सोय किती जणांची? एक पॅड, दर दहा मिनिटांनी एक विमान, चार सीट : तासाला 24 माणसं. सकाळच्या तीन तासांत 72. पाच हजार माणसं काम करणाऱ्या टॉवरमध्ये बाकीच्यांनी त्यांच्या छताचा खर्च का उचलावा, याचं पटणारं उत्तर मला सापडलेलं नाही.

न्यूयॉर्कने हा प्रयोग करून पाहिला आहे. पॅन अ‍ॅम इमारतीच्या 59 मजल्यांवर, थेट ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर, हेलिकॉप्टरं उतरत. ती सेवा 1968 मध्ये बंद पडली, 1977 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्याच वर्षी 16 मे रोजी हेलिकॉप्टरचा लँडिंग गिअर मोडला. पात्याच्या फटक्याने छतावरचे चौघे गेले आणि तुटून खाली पडलेल्या तुकड्याने रस्त्यावरची एक पादचारी महिलाही दगावली. सेवा कायमची थांबली. दुबईने आपलं पहिलं व्हर्टिपोर्ट विमानतळाजवळ चार मजली स्वतंत्र इमारत म्हणून आखलं, ते मला शहाणपणाचं वाटतं.

तरीही जागा आवडली असेल तर कागद बघा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या मंजूर नकाशात छताचा वापर काय लिहिलाय ते उघडून वाचा. रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील, तर व्याजासह परतावा मागता येतो. म्हणून माहितीपत्रक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश जपून ठेवा. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. भाड्याने घेत असाल, तर मेंटेनन्सच्या वार्षिक वाढीला मर्यादा घालून घ्या आणि छताचा खर्च फक्त वापरणाऱ्यांकडून वसूल होईल, असं कलम लिहून घ्या. बिल्डर ते लिहून द्यायला तयार नसेल, तर एक रुपयाही जास्त देऊ नका. रिकाम्या छताच्या टॉवरला जो भाव द्याल, तोच इथेही द्या.